'लेट्स टेबल दिस' म्हणजे विषय घ्यायचा की ठेवून द्यायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अमेरिकन क्लायंटबरोबरच्या कॉलवर रिपोर्टिंग मॉड्यूलचा विषय निघाला, बराच वेळ चर्चा झाली, मग तिकडचा मॅनेजर म्हणाला "ओके, लेट्स टेबल दिस". तुमच्या टीमला वाटलं विषय रीतसर मांडायला सांगितलाय, म्हणून शनिवार-रविवार बसून प्रेझेंटेशन केलं, आणि सोमवारी तो म्हणतो हे तर आपण टेबल केलं होतं ना, आज परत कशाला काढलं. डिक्शनरी उघडली तर दोन्ही अर्थ दिलेले, तेही एकमेकांच्या बरोब्बर उलटे. वर तुमचा दुसरा क्लायंट लंडनचा, त्यामुळे त्याच्यासमोर काय बोलायचं हेही कळेना झालंय.

मी पुण्यात आयटी आणि ऑटो कंपन्यांमधल्या टीम्सना क्लायंट मीटिंगचं इंग्रजी शिकवते, मिनिट्स, म्हणजे मीटिंगची लेखी नोंद, कशी लिहायची हा त्यातला मोठा भाग, आणि हा शब्द जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी घेऊन येतंच. आधी सरळ उत्तर देते. अमेरिकेत 'टेबल करणं' म्हणजे विषय बाजूला ठेवणं. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे म्हणजे विषय चर्चेसाठी मांडणं. कॅनडाच्या संसदेत ब्रिटिश अर्थ चालतो पण रोजच्या बोलण्यात दोन्ही ऐकू येतात. म्हणजे तुमच्या टीमचं इंग्रजी कच्चं वगैरे काही नाही, आपण शाळेपासून पेपरात जे वाचत आलो त्याप्रमाणेच त्यांनी अर्थ लावला, फक्त समोरचा माणूस दुसऱ्या गावचा होता.

पण एवढ्याने तुमचं काम होणार नाही. कारण कॉल चालू असताना डिक्शनरी उघडायला वेळ नसतो, दोन सेकंदात ठरवावं लागतं. आणि अमेरिकन अर्थ आहे हे कळलं तरी 'बाजूला ठेवणं' किती बाजूला हे राहतंच, पुढच्या आठवड्यापर्यंत की कायमचं? मराठीत आपल्याकडे यासाठी तीन वेगळ्या गोष्टी आहेत बघा: विषय मांडणे, विषय लांबणीवर टाकणे आणि विषय बासनात गुंडाळणे. इंग्रजीतला हा एकच शब्द माणूस बघून यातलं काहीही होतो. मी शिकवताना हेच सांगते की हा शब्द कानावर पडला की मनात लगेच या तिघांपैकी कुठलं ते ठरवायचं, ठरत नसेल तर विचारायचं, गप्प बसायचं नाही.

हे असं उलटं झालं कसं, ते थोडं सांगते कारण ते कळलं की लक्षात राहतं. दोन्हीकडचं टेबल मुळात एकच, सभागृहाच्या मधोमध कारकुनांसमोर असतं ते. कागद सभागृहापुढे आणायचा म्हणजे तो त्या टेबलावर ठेवायचा. आता टेबलावर ठेवलेल्या कागदाचं दोनपैकी एक होतं, कुणीतरी उचलून वाचायला घेतं नाहीतर तो तिथेच पडून राहतो. ब्रिटिशांनी कागद टेबलावर आला याला महत्त्व दिलं, अमेरिकनांनी तो टेबलावर राहिला याला.

आपल्याकडे ब्रिटिश पद्धत जशीच्या तशी आली. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास संपला की मंत्री उभे राहून "आय बेग टू ले ऑन द टेबल" म्हणतात आणि वार्षिक अहवाल, अधिसूचना असले कागद ठेवतात, मराठी बातमीत ते 'सभागृहाच्या पटलावर ठेवले' असं येतं. कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटी 'टेबल' झाला असं इंग्रजी पेपरात वाचलं की आपण समजतो, आला बाहेर. लोकसभा सचिवालयात टेबल ऑफिस नावाचा विभागच आहे, ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्येही आहे, ब्रिटनचे खासदार आपले प्रश्न आणि प्रस्ताव त्यांच्या टेबल ऑफिसात नेऊन देतात. आपल्या कानाला हा शब्द 'पुढे आलं' असाच लागतो त्यात नवल नाही.

आता अमेरिकेत बघा. तिथल्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये एखादं विधेयक मंजूर झालं की अध्यक्ष पटकन म्हणून टाकतात, "विदाऊट ऑब्जेक्शन, द मोशन टू रीकन्सिडर इज लेड ऑन द टेबल". शब्द तेच, आपल्या मंत्र्याचे. अर्थ मात्र असा की फेरविचाराचा दरवाजा बंद, आता हे परत उकरून काढायचं नाही. म्हणजे 'लेड ऑन द टेबल' दिल्लीत ऐकलं तर कागद पुढे आला आणि वॉशिंग्टनमध्ये ऐकलं तर विषय संपला.

आणि हे नुसतं तांत्रिक नाही, याच्या जोरावर तिथे मोठं राजकारण झालंय. १८३६ मध्ये अमेरिकन हाऊसने ठराव केला की गुलामगिरीविषयी जे काही अर्ज येतील ते न छापता, कुठल्याही समितीकडे न पाठवता थेट टेबलावर ठेवायचे आणि त्यावर पुढे काहीही करायचं नाही. हजारो लोकांच्या सह्यांचे अर्ज असे टेबलावर ठेवून मारले गेले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा खासदार होते, ते याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले आणि १८४४ मध्ये तो नियम गेला. इथे टेबल करणं म्हणजे थेट बासनात गुंडाळणं.

अलीकडचं उदाहरण हवं तर ३ ऑक्टोबर २०२३. हाऊसचे स्पीकर केविन मॅकार्थी यांना हटवण्याचा प्रस्ताव त्यांच्याच पक्षाच्या मॅट गेट्झ यांनी आणला. मॅकार्थींच्या बाजूच्या लोकांनी आधी 'मोशन टू टेबल' आणलं, म्हणजे हा हटवण्याचा प्रस्तावच बाजूला सारा. ते २०८ विरुद्ध २१८ असं पडलं. मग मूळ प्रस्तावावर मतदान झालं आणि २१६ विरुद्ध २१० ने मॅकार्थी गेले. आता तुम्ही फक्त 'मोशन टू टेबल फेल्ड' एवढी हेडलाईन वाचली असती तर भारतीय कानाने काय समजला असतात? की प्रस्ताव मांडायचाच प्रयत्न फसला, मॅकार्थी वाचले. बरोब्बर उलटं. मी हे उदाहरण वर्गात देते तेव्हा अर्ध्याहून जास्त हात चुकीच्या बाजूला वर होतात, आणि ते सगळे चांगलं इंग्रजी येणारे लोक असतात.

तुम्हाला वाटत असेल आपणच असे फसतो, तर चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलेला किस्सा आहे. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरनंतर चर्चिल आणि त्याचे सेनाधिकारी वॉशिंग्टनला गेले. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून त्यांनी अमेरिकनांना सांगितलं की आम्हाला हा टेबल करायचाय. अमेरिकनांना वाटलं हे कागद ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचं म्हणताहेत. त्यावर लांबलचक आणि चांगलाच कडवट वाद झाला आणि मग कधीतरी दोघांच्या लक्षात आलं की दोघांनाही तो कागद चर्चेला घ्यायचाच आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या दोन फौजांचे अधिकारी हे. तुमच्या टीमने एक वीकेंड घालवला, ठीक आहे.

बरं, आता कॉलवर ओळखायचं कसं. देश बघा हे तर आहेच, पण माझा पहिला निकष देश नाही, तो हा की विषय आधीच चर्चेत आहे का. ज्यावर इतका वेळ सगळे बोलताहेत तो विषय कुणी नव्याने मांडू शकत नाही, तो फक्त थांबवता येतो. तुमच्या केसमध्ये चर्चा होऊन गेल्यावर मॅनेजर बोलला, म्हणजे तो कुठल्याही देशाचा असता तरी अर्थ 'थांबवूया' हाच निघत होता. याउलट कुणी म्हणालं की आम्ही पुढच्या मीटिंगला प्रायसिंगचं प्रपोजल टेबल करणार आहोत, आणि ते प्रपोजल अजून कुणी बघितलेलंही नाही, तर तिथे 'मांडणार' हाच अर्थ, कारण जे आलंच नाही ते बाजूला काय ठेवणार. हा एक निकष लावला तरी बहुतेक वेळा भागतं असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे आजूबाजूचे शब्द. 'फॉर नाऊ', 'अंटिल नेक्स्ट क्वार्टर', 'टिल वी हिअर फ्रॉम लीगल' असं शेपूट मागे असेल तर लांबणीवर. 'टेबल्ड बाय' आणि पुढे कुणाचं नाव, किंवा 'बिफोर द कमिटी', 'अॅट द बोर्ड मीटिंग' असं असेल तर बहुतेक मांडणं. बहुतेक म्हणतेय कारण 'टेबल्ड बाय द बोर्ड' हे अमेरिकन कंपनीच्या मेलमध्ये आलं तर बोर्डाने विषय बाजूला ठेवला असंही असू शकतं. मीटिंग संपायला किती वेळ उरलाय तेही बघा, शेवटच्या पाच मिनिटांत कुणी नवीन काही काढत नाही.

देशावर फार भरवसा का ठेवू नका म्हणते, तर तुमचा लंडनचा क्लायंट अमेरिकन बँकेच्या लंडन ऑफिसात असेल तर तो वर्षानुवर्षं न्यूयॉर्कशी बोलून अमेरिकन अर्थाने बोलत असेल. आपल्याकडचे लोक तर सगळ्यात अवघड. हिंजवडीतला टीम लीड, शाळेत ब्रिटिश इंग्रजी शिकला, नंतर पाच वर्षं डॅलसला राहून आला, तो 'टेबल करूया' म्हणाला तर काय समजायचं? मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही, कदाचित त्यालाही विचारल्यावर क्षणभर थांबावं लागेल. जर्मन किंवा जपानी क्लायंट असेल तर त्यांचं इंग्रजी कुठल्या शिक्षकाने शिकवलं यावर सगळं. अशा वेळी अंदाज करूच नका.

मग किती काळ बाजूला, हा प्रश्न. अमेरिकेत संस्थांच्या सभा ज्या नियमांनी चालतात ते 'रॉबर्ट्स रूल्स', हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनियरने १८७६ मध्ये काढले. त्यात 'ले ऑन द टेबल' हे खरं तर तात्पुरतं आहे, म्हणजे काहीतरी तातडीचं मध्येच आलं म्हणून हातातला विषय ठेवायचा आणि मग 'टेक फ्रॉम द टेबल' म्हणून परत उचलायचा. ठराविक मुदतीत कुणी उचललाच नाही तर मात्र तो प्रस्ताव आपोआप मरतो. विषय कायमचा मारायचा असेल तर त्यासाठी वेगळा प्रस्ताव आहे. पण वर बघितलं तसं अमेरिकन संसदेत टेबल म्हणजे खलास. म्हणजे खुद्द अमेरिकेतसुद्धा दोन अर्थ आहेत, लांबणीवर आणि बासनात. कॉर्पोरेटमध्ये माझा आडाखा सोपा आहे: तारीख दिली तर लांबणीवर, तारीख नाही दिली तर बासनात गेलं समजा आणि त्यावर माणसं लावू नका. तुमच्या मॅनेजरने तारीख दिली होती का हे तुम्ही लिहिलेलं नाही, माझा अंदाज नसावी.

आता बोलायचं काय. 'सॉरी, डू यू मीन पोस्टपोन ऑर डिस्कस' असं परीक्षेसारखं विचारायला लोकांना कसंतरी वाटतं, मलाही वाटेल. त्याऐवजी तुम्हाला जे समजलं ते दुसऱ्या शब्दांत, तारखेसकट, परत बोला. "शुअर, सो वी होल्ड ऑफ ऑन धिस अँड पिक इट अप आफ्टर द रिलीज, राईट?" चूक असेल तर समोरचा लगेच म्हणेल नाही नाही, आणि बरोबर असेल तर तुम्हाला फुकटात तारीख मिळते. यात इंग्रजी कमी आहे असं कुणालाच वाटत नाही, उलट हा माणूस नीट नोंद ठेवतो असं वाटतं. मुद्दा इतकाच की हे त्याच कॉलवर, तेव्हाच्या तेव्हा बोलायचं. आपल्याकडे काय होतं, कॉलवर सगळे 'शुअर, शुअर' करतात, म्यूट केलं की एकमेकांना विचारतात तो काय म्हणाला रे, आणि मग टीममधला सगळ्यात आत्मविश्वासाने बोलणारा जो अर्थ सांगेल तो फायनल. मी हे इतक्या टीम्समध्ये बघितलंय की आता हसूही येत नाही.

मिनिट्समध्ये तर हे क्रियापद वापरूच नका, कुठल्याच अर्थाने. माझ्या वर्गात यावर सरळ बंदी आहे. विषय मांडला असेल तर 'प्रेझेंटेड फॉर डिस्कशन' किंवा 'रेज्ड' लिहा, पुढे ढकलला असेल तर 'डिफर्ड टू' आणि तारीख, सोडून दिला असेल तर 'ड्रॉप्ड'. बोलताना सध्या बाजूला ठेवूया या अर्थाने 'पार्क करूया' चालतं, ते दोन्हीकडे कळतं आणि गैरसमज होत नाही. 'शेल्व्ह' थोडं जड आहे, त्यात आता नको असा सूर येतो. आणि 'टेक इट ऑफलाईन' यांच्या रांगेत बसवू नका, त्याचा अर्थ विषय थांबवणं नाही, इथे सगळ्यांसमोर नको आपण दोघंतिघं वेगळं बोलू असा आहे, तिथे पाठपुरावा करायचाच असतो. हे दोन गोंधळून बसलेले लोकही खूप भेटतात, म्हणजे जिथे थांबायचं तिथे काम करतात आणि जिथे काम करायचं तिथे थांबतात.

एक दिलासा असा की गोंधळ फक्त क्रियापदात आहे. 'ऑन द टेबल' हे रोजच्या बोलण्यात दोन्ही देशांत सारखंच. ऑफर ऑन द टेबल आहे म्हणजे खुली आहे, विचार करा. अमेरिकन राष्ट्राध्यक्ष 'ऑल ऑप्शन्स आर ऑन द टेबल' म्हणतात तेव्हा कुठलाच पर्याय सोडलेला नाही, लष्करी कारवाईसुद्धा, असा इशारा असतो. 'ऑफ द टेबल' म्हणजे तो पर्याय काढून घेतला. गंमत बघा, अमेरिकन माणूस विषय टेबल करतो तेव्हा तो चर्चेतून जातो आणि तोच विषय ऑन द टेबल आहे म्हणतो तेव्हा चर्चेत असतो. लॉजिक शोधू नका, मिळणार नाही. इंटरव्ह्यूमध्ये 'व्हॉट डू यू ब्रिंग टू द टेबल' विचारलं तर तुमच्यात असं काय आहे ज्याचा आम्हाला उपयोग होईल एवढंच विचारलंय. आणि 'टर्न द टेबल्स'चा या चर्चेच्या टेबलाशी संबंध नाही, बॅकगॅमनसारख्या पटावरच्या खेळांना जुन्या इंग्रजीत 'टेबल्स' म्हणायचे, त्यावरून बाजी उलटवणं.

'अंडर द टेबल' तेवढं सांभाळा. आपल्याकडे टेबलाखालून म्हटलं की लाच, दुसरा अर्थच नाही. अमेरिकेत लाच हा अर्थ आहेच, पण 'ही वॉज पेड अंडर द टेबल' याचा अर्थ बऱ्याचदा नुसता एवढाच असतो की हॉटेलात किंवा बांधकामावर काम करणाऱ्याला पगार रोख दिला, कागदावर न दाखवता, टॅक्स न कापता. बेकायदेशीर तेही आहे, पण लाच नव्हे. तिकडे शिकायला गेलेली मुलं हे ऐकून दचकतात.

तुमच्या लंडनच्या क्लायंटसमोर हा शब्द वापरायचा का? नको. तो वापरेल तेव्हा 'मांडणं' धरून चाला आणि वरचा निकष लावून खात्री करा, पण तुम्ही स्वतः 'पुट फॉरवर्ड' किंवा 'रेज' म्हणा. कारण आज तो लंडनचा आहे, उद्या त्याच कॉलवर तुमचा अमेरिकन मॅनेजर जॉईन झाला तर एका वाक्याचे दोन अर्थ एकाच वेळी दोघांच्या डोक्यात जातील.

ते बनवलेलं प्रेझेंटेशन फेकू नका. आज-उद्याकडे अमेरिकन मॅनेजरला चार ओळींची मेल टाका, चूक कुणाची यात न शिरता: रिपोर्टिंग मॉड्यूलचा विषय सध्या थांबवलाय असं आम्ही नोंदवून घेतलंय, प्राथमिक आराखडा तयार आहे, हा विषय परत कधी घ्यायचा ते कळवलंत तर त्याआधी पाठवून देतो. उत्तरात तारीख आली तर ती मिनिट्समध्ये चढवा. दोन आठवडे उत्तरच आलं नाही तर फाईल आर्काईव्हमध्ये टाका आणि त्या मॉड्यूलवर ठेवलेली माणसं दुसऱ्या कामाला लावा.